विद्यापीठाच्या शिक्षक पुरस्काराचा अर्ज: फाईल कुठून सुरू करायची आणि कुठे थांबवायची

दरवर्षी परिपत्रक आलं की तेच होतं. प्रिन्सिपल मीटिंगमध्ये म्हणतात, "मॅडम, यंदा तुम्ही भराच", मॅडम हो म्हणतात, आणि मग शेवटच्या आठवड्यात कपाटातली सगळी सर्टिफिकेटं काढून झेरॉक्सवाल्याकडे धाव. दोन-अडीचशे पानांची स्पायरल फाईल तयार होते आणि तिच्यात तुमच्या वर्गात नेमकं काय घडतं ते सांगणारं एक पान नसतं.

मूळ घोळ असा आहे की लोक ही फाईल कॅसच्या (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, प्राध्यापकांच्या बढतीची योजना) प्रमोशनची फाईल समजून भरतात. कॅसमध्ये मोजणी असते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले की 'चांगले', ७० ते ८० च्या मधे 'समाधानकारक', संपला विषय. पुरस्काराच्या समितीला तुम्ही किती तास घेतले यात फारसा रस नसतो, त्या तासांनंतर मुलांना काय यायला लागलं जे आधी येत नव्हतं ते तिला बघायचं असतं. खालचा सगळा क्रम त्याच हिशोबाने लावलाय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातल्या कॉलेजांतली मंडळी डोळ्यासमोर आहेत, म्हणून पाऊस, गणपती आणि रेंज यांचाही हिशोब धरलाय.

## टप्पा १: परिपत्रक वाचा, नुसतं फॉरवर्ड करू नका

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो वाचून कामाला लागू नका. मूळ पीडीएफ विद्यापीठाच्या वेबसाईटवरून उतरवा, प्रिंट काढा आणि पेन घेऊन बसा. पात्रता, किती वर्षांचा अनुभव, कोणत्या कालावधीतलं काम धरणार, निवेदनाला शब्दमर्यादा किती, परिशिष्टांना पानमर्यादा आहे का, अर्ज स्वतः करायचा की कॉलेजने नाव पाठवायचं, ऑनलाईन की हार्डकॉपी की दोन्ही, आणि गुणांची विभागणी दिली असेल तर ती. एवढ्यावर खुणा करा.

आधी पुरस्कार कुठला ते नक्की करा. मुंबई विद्यापीठाचा वेगळा, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे नियम वेगळे, दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांचं कामाचं स्वरूपच वेगळं कारण तिथे शिकवण्याबरोबर संशोधन आणि विस्तार दोन्ही धरतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारात २०२३ पासून उच्च शिक्षणातले प्राध्यापकही आले, त्याचं नामांकन वेगळ्या पोर्टलवर होतं आणि तिथे वयाची अटसुद्धा आहे. एका पुरस्काराची फाईल दुसऱ्याला जशीच्या तशी चिकटवली की पहिल्या पानावरच कळतं.

गुणांची विभागणी दिली असेल तर तीच तुमची अनुक्रमणिका. शिकवण्याला सर्वात जास्त गुण असतील आणि तुमच्या फाईलीत निम्मी पानं रिसर्च पेपरची असतील तर ती पानं कितीही भारी असोत, उपयोग नाही.

तपासा: कालावधी लिहून ठेवलात का? मागच्या पाच वर्षांचं काम मागितलंय आणि तुम्ही २०११ चा रिफ्रेशर कोर्स जोडताय असं नको.

## टप्पा २: तारखा उलट्या लावा

शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून मागे या. बरेच पुरस्कार ५ सप्टेंबरच्या आसपास जाहीर होतात म्हणजे कागदपत्रं गोळा करायचं काम ऐन पावसात येतं, आणि त्यात गणपती. गणपतीच्या आठवड्यात आपल्याकडे कोणी कोणाला सही मागू नये, मिळत नाही. क्लार्क गावी, शिपाई गावी, प्रिन्सिपलच्या घरी दीड दिवसाचा असला तरी पाहुणे पाच दिवसांचे.

दुसरी गोष्ट संस्थेची. कोकणातल्या कितीतरी शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष किंवा सेक्रेटरी मुंबईला असतात आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येतात. त्यांच्या सहीचं पत्र लागणार असेल तर ते कधी येणार हे ऑफिसला आजच विचारा, बाकीचं वेळापत्रक त्या तारखेभोवती बसवा.

माझा अंदाज असा की कमीत कमी सहा आठवडे लागतात: दोन पुरावे गोळा करायला, एक आकड्यांना, एक लिहायला, एक दुसऱ्याकडून वाचून घ्यायला आणि शेवटचा सही, स्कॅन, अपलोड याला. शिफारसपत्रांची विनंती मात्र पहिल्याच आठवड्यात करायची, त्याचं खाली सांगते.

सावधान: परिपत्रकात दिलेली शेवटची तारीख तुमची नाही. तुमची तारीख तिच्या पाच दिवस आधी. पावसात लाईट गेली की काही तासांनी टॉवरची बॅटरीपण उतरते आणि मग रेंजसाठी सड्यावर जाऊन उभं राहावं लागतं, ते फॉर्म भरताना परवडणारं नाही.

## टप्पा ३: आधी पुरावे गोळा करा, एक ओळसुद्धा लिहू नका

हा टप्पा सगळ्यात मोठा आणि नेमका हाच लोक गाळतात. निवेदन आधी लिहिलं की सुंदर सुंदर वाक्यं होतात आणि मग त्या वाक्यांना जोडायला पुरावे शोधत बसावं लागतं, ते मिळत नाहीत, मग वर्कशॉपचे फोटो जोडले जातात. उलटं करा.

टेबलावर, किंवा ड्राइव्हमध्ये एक फोल्डर करून, हे जमवा: शेवटच्या तीन-चार वर्षांचे टीचिंग प्लॅन, तुम्ही स्वतः बनवलेल्या असाइनमेंट आणि वर्कशीट, प्रश्नपत्रिका, मुलांनी केलेल्या कामाचे नमुने, विषयवार निकाल, विद्यार्थ्यांचा फीडबॅक, तुमचा तास कोणी पाहिला असेल तर त्याचा रिपोर्ट, मेंटर-मेंटी रजिस्टर, अभ्यास मंडळावर किंवा सिलॅबस कमिटीवर काम केलं असेल तर त्याची ऑर्डर. यातलं निम्मं आयक्यूएसीकडे (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडे) नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, निमित्ताने गोळा झालेलंच असतं, तिथून घ्या, पुन्हा उभं करू नका.

मुलांच्या कामाचे नमुने ही फाईलीतली सर्वात दमदार गोष्ट आहे आणि शंभरात नव्वद फाईलींत ती दिसणार नाही. समजा तुम्ही इतिहास शिकवता आणि मुलांना रत्नागिरी जिल्ह्यातल्या उक्षीला किंवा कशेळीला कातळशिल्पं (खडकात कोरलेली जुनी चित्रं) दाखवायला नेलंत. बहुतेक जण काय जोडतात? बससमोर बॅनर धरून काढलेला ग्रुप फोटो. त्यातून सहल झाली एवढंच कळतं. त्याऐवजी एकाच मुलाची दोन पानं जोडा, जाण्याआधी त्याने 'पुरावा म्हणजे काय' या प्रश्नाला लिहिलेलं उत्तर आणि परत आल्यावर त्याने केलेली चित्राची नोंद, मापं, दिशा, शेजारच्या आकृत्यांशी संबंध, शंका. ती दोन पानं बाजूबाजूला ठेवली की समितीला काही समजावून सांगावं लागत नाही. झूलॉजीवाल्यांचं तसंच, खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला क्वाड्राट (ठरावीक मापाची चौकट) टाकून तिच्यातल्या जीवांची मोजणी केली असेल तर मुलांची कच्ची नोंदवही जोडा, चिखलाचे डाग असलेली जोडा, नंतर फेअर केलेली नको.

चांगल्या मुलाचाच नमुना घ्यायचा मोह होतो. तीन घ्या: एक हुशार, एक मधला, एक जो मागे होता आणि थोडा पुढे सरकला. तिसऱ्याचं पान सगळ्यात जास्त बोलतं.

आता काय बाजूला काढायचं ते. लॉकडाऊनमध्ये मिळालेली वेबिनारची सर्टिफिकेटं, पाच प्रश्नांची क्विझ सोडवली की आपोआप ईमेलवर येणारी, ती सगळी बाहेर. शाल-श्रीफळ घेतानाचे फोटो बाहेर. वर्तमानपत्रातली कात्रणं ज्यात तुमचं नाव 'उपस्थित मान्यवर' यादीत सातव्या क्रमांकावर आहे ती बाहेर. एफडीपीची (शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांची) सर्टिफिकेटं ठेवायची असतील तर फक्त तीच ज्यातून शिकलेली गोष्ट नंतर वर्गात वापरलीत आणि ती कुठे वापरली हे दाखवता येईल.

सावधान: मुलांची नावं, रोल नंबर, मार्क, चेहरे ही त्यांची खासगी माहिती आहे. नमुन्यांवरची नावं आणि नंबर पांढऱ्या पट्टीने झाका आणि मगच स्कॅन करा, पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर तो बाजूला सरकवून खालचं वाचता येऊ शकतं. कामाचा नमुना वापरायला मुलाची लेखी परवानगी घ्या, आणि ज्युनिअर कॉलेजची अठराच्या आतली मुलं असतील तर पालकांची.

## टप्पा ४: तीनच दावे निवडा

गोळा केलेलं समोर पसरलं की आपोआप दिसायला लागतं की तुमचा जोर कुठे आहे. कोणी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी पुस्तक वाचायला लावण्यात तयार असतो, कोणाची प्रॅक्टिकल चांगली, कोणी गळती थांबवलेली असते. यातले तीन, फार तर चार मुद्दे घ्या. एका कागदावर तीन रकाने आखा: दावा, पुरावा, परिशिष्ट क्रमांक. दाव्यासमोर पुरावा लिहिता आला नाही तर दावा खोडा, कितीही खरा असला तरी खोडा.

इथे सगळ्यात जास्त वाद होतात. सिनिअर माणसं म्हणतात, "एवढी वर्षं एनएसएस केलं, आपत्ती आली तेव्हा मुलांना घेऊन चिखल उपसला, ते नको घालू?" घाला, पण परिपत्रकात विस्तारकार्याला गुण असतील त्या जागी आणि तेवढ्याच लांबीत. शिकवण्याच्या रकान्यात समाजकार्य घातलं की शिकवण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही असा अर्थ निघतो, आणि तो अर्थ वाचणाऱ्याच्या डोक्यात एकदा बसला की बसला.

तपासा: तुमचे तीन दावे कागदावरून झाकून सहकाऱ्याला विचारा, "माझ्या शिकवण्यात वेगळं काय?" त्याने सांगितलेलं आणि तुम्ही लिहिलेलं अजिबातच जुळत नसेल तर टप्पा ३ कडे परत जा.

## टप्पा ५: आकडे नीट मांडा

'निकाल १०० टक्के' हे वाक्य वाचून समिती पहिली गोष्ट विचारते, मुलं किती होती? नऊ मुलांच्या वर्गात १०० टक्के आणि एकशेवीसच्या वर्गात ८२ टक्के यात दुसरी कामगिरी मोठी असू शकते. म्हणून टक्क्यांबरोबर नेहमी मुलांची संख्या द्या, तीस-पस्तीसच्या आतला वर्ग असेल तर टक्के काढूच नका, '१४ पैकी १२' असं लिहा. आणि निकाल एकटा ठेवू नका. शेजारी त्याच विषयाचा विद्यापीठाचा निकाल ठेवा, किंवा तुम्ही पद्धत बदलण्याआधीच्या वर्षांचा तुमचाच निकाल.

निकालात परीक्षा सोपी-कठीण असण्याचा भाग असतो, त्यामुळे त्याहून चांगला पुरावा म्हणजे टॉपिक सुरू करायच्या आधी एक छोटी टेस्ट आणि संपल्यावर त्याच कठीणपणाची दुसरी. दोन्हींच्या सरासरीतून 'नॉर्मलाइज्ड गेन' काढता येतो: नंतरची टक्केवारी वजा आधीची, भागिले शंभर वजा आधीची. समजा वर्गाची सरासरी आधी ३२ टक्के होती आणि नंतर ६६ झाली, तर ३४ भागिले ६८ म्हणजे ०.५. म्हणजे जेवढं शिकायचं बाकी होतं त्यातलं निम्मं वर्गाने कमावलं. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या फिजिक्सच्या ६,५४२ विद्यार्थ्यांचा असा हिशोब मांडला होता, त्यात नुसत्या लेक्चरच्या वर्गांचा गेन सरासरी ०.२३ आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांचा ०.४८ आला. तुलनेला तो आकडा फिजिक्सवाल्यांनी जरूर घ्यावा, मराठी किंवा अकाउंटन्सीवाल्यांनी घेऊ नये, तिथली टेस्ट वेगळी विषय वेगळा.

एक अट पाळा. दोन्ही टेस्ट दिलेलीच मुलं हिशोबात घ्या. भातलावणीच्या दिवसांत आधीच्या टेस्टला गैरहजर असलेली आणि नंतर आलेली मुलं धरली की सरासरी फसवी होते.

फीडबॅकचं पण तसंच. 'सरासरी ४.६' एवढं लिहून भागत नाही, वर्गात किती होते, फॉर्म किती जणांनी भरला, कोणत्या प्रश्नाला किती जणांनी काय दिलं हे एका छोट्या तक्त्यात द्या. आणि एक नकारात्मक शेरा मुद्दाम ठेवा. 'फळ्यावर फार भरभर लिहितात' असं मुलांनी लिहिलं, मग तुम्ही काय बदललं, आणि पुढच्या वर्षी त्याच प्रश्नाला काय उत्तरं आली. असा एक धागा दाखवला तर बाकीच्या कौतुकावर विश्वास बसतो. सगळं गोड गोड असलेला फीडबॅक कोणी खरा मानत नाही.

सावधान: आकडा पटत नसेल तर तो सोडा, 'ॲडजस्ट' करू नका. कॉलेजने एआयएसएचईला (केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाला) आणि नॅकला पाठवलेली विद्यार्थीसंख्या आणि तुमच्या फाईलीतली संख्या ताडून बघायला कोणालाही पाच मिनिटं लागतात.

## टप्पा ६: आता निवेदन लिहा

शब्दमर्यादा नसेल तरी दोन पानांच्या पुढे जाऊ नका. क्रम साधा ठेवा: मुलं कोण आहेत, त्यांना काय अडतं, मी काय केलं, काय बदललं, काय अजून जमत नाही.

पहिला मुद्दा सगळे उडवतात. समिती मुंबईत किंवा दुसऱ्या कुठल्या शहरात बसलेली असते, तिला माहीत नसतं की तुमच्या वर्गातली अर्धी मुलं सकाळच्या एसटीने तासभर प्रवास करून येतात आणि ती एसटी चुकली की दिवस गेला, की काही मुलगे सीझनला होडीवर जातात, की मे महिन्यात बागेत काम असतं आणि पुढच्या वर्षाची फी त्यातून येते. हे चार-पाच ओळींत सांगा, दया मागायच्या सुरात नाही. या परिस्थितीत तुम्ही वेळापत्रक, असाइनमेंट, प्रॅक्टिकल कसं बसवलंत हे सांगण्यासाठी.

मग एक प्रसंग घेऊन खोलात जा. कसं लिहू नये ते आधी:

"मी विद्यार्थीकेंद्रित व नावीन्यपूर्ण अध्यापन पद्धतींचा अवलंब करून विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी सातत्याने प्रयत्नशील असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून..."

हे वाक्य कोणत्याही विषयाच्या कोणत्याही शिक्षकाला लागू होतं, म्हणून कोणालाच लागू होत नाही. आता वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या कॉमर्सच्या शिक्षिकेने कसं लिहावं:

"टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) प्रोसेस कॉस्टिंगमध्ये 'नॉर्मल लॉस', म्हणजे प्रक्रियेत होणारी नेहमीची घट, मुलं पाठ करायची आणि गणित थोडं फिरवलं की अडायची. आता मी सुरुवात काजूपासून करते. शंभर किलो बी फोडली की साधारण पंचवीस किलो गर मिळतो हे वर्गातल्या निम्म्या मुलांना घरून माहीत असतं. मग बाकीचं सगळं तोटाच का? टरफल विकलं जातं, त्याचं तेल निघतं, मग त्याचे पैसे कुठे दाखवायचे? यावर एक तास वाद होतो, फॉर्मॅट दुसऱ्या तासाला येतो. परिशिष्ट ४ मध्ये आधीच्या आणि नंतरच्या टेस्टचे निकाल, परिशिष्ट ५ मध्ये तीन विद्यार्थ्यांची सोडवलेली गणितं."

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही आणि तरी शिकवणं दिसतं. प्रत्येक दाव्याला असा एक परिच्छेद, शेवटी परिशिष्ट क्रमांक.

'काय अजून जमत नाही' हा भाग घाबरून गाळला जातो. दोन ओळी तरी लिहा. शेवटच्या बाकावरच्या मुलांना बोलतं करायला जमत नाही, मोठ्या वर्गात असाइनमेंट तपासून वेळेत परत देता येत नाही, जे खरं असेल ते.

एआयकडून लिहून घेण्याबद्दल. व्याकरण तपासायला, इंग्रजी सरळ करायला वापरा, माझी हरकत नाही. पण पूर्ण निवेदन त्याच्याकडून काढलं की ते वर दिलेल्या पहिल्या नमुन्यासारखंच येतं, फक्त इंग्रजीत आणि जास्त गुळगुळीत, आणि समितीने तशीच दहा वाचलेली असतात.

भाषा कुठली? परिपत्रकात सक्ती नसेल तर ज्या भाषेत तुम्ही वर्ग नेमका सांगू शकता ती. अर्धं मराठी अर्धं इंग्रजी मात्र नको. मराठी निवेदनाला इंग्रजी परिशिष्टं जोडली तर प्रत्येकावर मराठी मथळा द्या.

तपासा: निवेदनातून स्वतःचं नाव आणि विषय काढून टाका. तरीही ते तुमचंच आहे हे सहकाऱ्याला ओळखता आलं पाहिजे.

## टप्पा ७: शिफारसपत्रं

विनंती पहिल्या आठवड्यात, मजकूर मात्र तुमचे तीन दावे ठरल्यावर. ज्याच्याकडे मागताय त्याला एका पानावर मुद्दे द्या: तुम्ही मला कधीपासून ओळखता, माझं कोणतं काम पाहिलंय, या तीन मुद्द्यांपैकी कोणत्यावर तुम्ही स्वतःच्या माहितीने लिहू शकता. पूर्ण पत्र टाईप करून फक्त सहीला नेऊ नका. तीन पत्रांत तोच फॉन्ट, तोच 'अत्यंत कर्तव्यदक्ष', तीच स्पेलिंगची चूक, हे लपत नाही.

आमदार-खासदारांची पत्रं कशाला लावतात कळत नाही. त्यांनी तुमचा तास पाहिलेला नसतो. ज्याने मागच्या बाकावर बसून तुमचा तास पाहिलाय असा सहकारी आणि पाच-सात वर्षांपूर्वी पास होऊन आज कुठेतरी कामाला लागलेली विद्यार्थिनी, ही दोन पत्रं बास होतात. सध्या वर्गात असलेल्या मुलांकडून पत्र मागू नका, त्यांचे इंटर्नल मार्क तुमच्या हातात आहेत, ती नाही कशी म्हणणार?

## टप्पा ८: परिशिष्टं, स्कॅन आणि फॉन्ट

परिशिष्टांचा क्रम निवेदनात उल्लेख येतो त्या क्रमाने. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर वर एक ओळ: परिशिष्ट क्रमांक, हे काय आहे, यातून काय दिसतं. ही तिसरी गोष्ट लिहिली नाही तर वाचणारा तक्ता बघतो आणि पान उलटतो. सर्व पानांना सलग नंबर, अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी करा कारण पानं शेवटपर्यंत हलत राहतात.

स्कॅन २०० डीपीआय आणि ग्रेस्केलमध्ये पुरतो. झेरॉक्सवाला विचारल्याशिवाय कलरमध्ये ६०० वर करतो, मग फाईल शंभर एमबीची होते आणि पोर्टल पाच एमबीच्या वर घेत नाही, मग ती कुठल्यातरी फुकट वेबसाईटवर टाकून दाबायची, त्यात मुलांचे मार्क असतात, म्हणजे सगळी खासगी माहिती परक्या सर्व्हरवर. आधीच कमी डीपीआयला स्कॅन करा.

मराठी फॉन्टचं प्रकरण वेगळं सांगायला हवं. कॉलेज ऑफिसात अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप करतात. प्रिंट छान येते, पण तोच मजकूर ऑनलाईन फॉर्मच्या चौकटीत पेस्ट केला की रोमन अक्षरांचा कचरा. फाईलमधली एक ओळ कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. तिथे मराठी दिसली तर युनिकोड आहे, नाही तर कन्व्हर्ट करून घ्या आणि नंतर 'ऱ्या', 'र्‍हस्व-दीर्घ', 'ळ' आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथेच मोडतोड होते.

तपासा: तयार पीडीएफ दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडा. तुमच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट आहे म्हणून तुम्हाला सगळं बरोबरच दिसणार.

## टप्पा ९: सही, शिक्का, 'थ्रू प्रॉपर चॅनेल' (वरिष्ठांमार्फत)

प्रिन्सिपलचं फॉरवर्डिंग लेटर, संस्थेचं ना हरकत पत्र, चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला, सेवेचा दाखला आणि तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र, यातलं काय काय लागतं ते परिपत्रकात बघा. मजकूर दिला असेल तर अक्षरशः तोच टाईप करा, ऑफिसच्या जुन्या नमुन्यात नाव बदलून चालवू नका. पत्रावर जावक क्रमांक आणि तारीख हवीच. सेवेच्या दाखल्यातली रुजू तारीख आणि अर्जात तुम्ही भरलेली तारीख जुळते का बघा, तात्पुरत्या नेमणुकीची आणि मान्यतेची तारीख वेगळी असते तिथे हमखास गोंधळ होतो.

प्रिन्सिपल स्वतःच अर्ज करत असतील तर फॉरवर्डिंग कोण करणार हे विद्यापीठाला विचारून घ्या, स्वतःची शिफारस स्वतःच्या सहीने जाताना दिसलीय.

## टप्पा १०: पाठवणं

ऑनलाईन असेल तर सगळी उत्तरं आधी वर्डमध्ये तयार ठेवा आणि फॉर्ममध्ये पेस्ट करा, पोर्टल मधेच लॉगआउट करतं. ड्राफ्ट सेव्ह करा, प्रिव्ह्यू डाउनलोड करा, तो प्रिंटवर दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि मग फायनल सबमिट, कारण त्यानंतर बहुतेक ठिकाणी काही बदलता येत नाही. पोचपावतीची पीडीएफ आणि ॲप्लिकेशन नंबरचा स्क्रीनशॉट दोन जागी ठेवा.

हार्डकॉपी मागितली असेल तर पत्ता तीनदा वाचा. मुंबई विद्यापीठाचं काही काम फोर्टला चालतं, काही कालिन्याच्या विद्यानगरीत, आणि चुकीच्या जागी दिलेलं पाकीट आतल्या आत कधी पोहोचेल ते सांगता येत नाही. रत्नागिरीच्या उपकेंद्रात दिलं तर चालेल का हे फोन करून विचारा, गृहीत धरू नका. कोणी कोकणकन्याने जाणारं असेल तर त्याच्याबरोबर द्यायला हरकत नाही पण पावसाळी वेळापत्रकात गाड्या उशिरा पोहोचतात हे धरून एक दिवस आधी, आणि त्याला सांगून ठेवा की दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय निघू नको. स्पीड पोस्टने पाठवलं तर ट्रॅकिंगची पावती फाईलीत लावा. पाकिटाच्या आत प्लॅस्टिकची पिशवी घाला, कागद दमट होऊन शाई उतरते.

## टप्पा ११: बोलावणं आलं तर

प्रेझेंटेशन असेल तर दहा मिनिटांत एकच दावा नीट सांगा, तिन्ही धावत सांगू नका. बरोबर मूळ कागदपत्रं आणि मुलांच्या दोन-तीन वह्या न्या. 'तुमच्या जागी दुसरा शिक्षक आला तर हे चालू राहील का?' अशा प्रश्नाची तयारी ठेवा, त्याला उत्तर म्हणून तुमची वर्कशीट विभागातल्या अजून कोणी वापरली असेल तर तो पुरावा आधीच फाईलीत असू द्या.

यंदा नाव आलं नाही आणि पुढच्या वर्षी परत भरायचं असेल तर जुनी फाईल नुसती तारीख बदलून पाठवू नका. कालावधी एक वर्षाने पुढे सरकलेला असतो, त्यामुळे सर्वात जुन्या वर्षाचे पुरावे काढायचे, नव्या वर्षाचे घालायचे, शिफारसपत्रं नव्या तारखेची घ्यायची आणि चौकशी नसल्याचा दाखला पुन्हा काढायचा. नवीन टेस्टचे आकडे आणि मुलांचे नमुने मात्र सेमिस्टर संपल्या संपल्या फोल्डरमध्ये टाकत जा, मुलं मार्कशीट घेऊन मुंबई-पुण्याला गेली की परवानगीच्या सह्या मिळत नाहीत.